एका सिलिंडराचा पंचनामा

मराठवाड्यातील मनुष्य नवी वस्तू सहसा खरेदी करीत नाही, आणि प्रसंगवशात् केलीच तर तिच्याविषयीचा एक अस्पष्ट संशय त्याच्या मनातून अखेरपर्यंत जात नाही. कारण नव्या वस्तूस पूर्वेतिहास नसतो, आणि जिला पूर्वेतिहास नाही तिच्यात खोट काढावयास, व खोट काढून भाव पाडावयास, जागाच उरत नाही. जुन्या वस्तूची गोष्ट वेगळी. मार्गशीर्षातील माळेगावच्या यात्रेत, खंडोबाचे दर्शन आटोपून जनावरांच्या बाजाराकडे वळलेल्या लोहा-कंधारकडील एखाद्या शेतकऱ्याच्या मागे, अथवा उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात हिंडणाऱ्या एखाद्या मुरलेल्या दलालाच्या मागे, जो कोणी अर्धा प्रहर मुकाट्याने चालत राहील, त्यास परीक्षा म्हणजे काय याचे जे ज्ञान होईल ते कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षा-मंडळास अद्याप झालेले नाही. बैलाचे तोंड उघडून तो दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला हे पाहणे ही केवळ प्रस्तावना होय. पुढे वशिंड दाबणे, खूर उचलणे, अंगावरचे भोवरे पाहणे, चालवून पाहणे, थांबवून पाहणे, आणि मालकाने सांगितलेल्या प्रत्येक गुणावर ‘असंल की’ एवढेच उद्गारून भलतीकडे नजर लावणे, अशी ती परीक्षा चढत जाते, व शेवटी उपरण्याखाली बोटे दाबून जो सौदा ठरतो तो चार हातांवर उभ्या असलेल्या माणसासही कळत नाही. देवणी गोवंशाचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार अंगावरील काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून ओळखले जातात. वानेऱ्याचे अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या, शेवऱ्याच्या अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके, हे येथील शाळकरी पोरासही सांगावे लागत नाही.

रंगावरून कूळ ओळखण्याची ही विद्या विमानाच्या जुन्या इंजिनासही लागू पडते, असे कोणी सांगितले असते तर प्रस्तुत लेखकाने ते थट्टेवारी नेले असते. परंतु वस्तुस्थिती तशी आहे, आणि तिचा पंचनामा करण्यासाठीच हा लेख.

प्रारंभीच एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. नांदेड-लातूरच्या माणसास विमानाच्या इंजिनाशी काय कर्तव्य, असे पुण्याकडील वाचक विचारील. नांदेडास विमानतळ आहे. २००८ साली गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्याचे रूप पालटले, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेच्या शुभारंभाच्याच दिवशी हैदराबाद-नांदेड विमानसेवेचाही शुभारंभ झाला. लातुरासही विमानतळ आहे. तो १९९१ सालचा असून, पुढाऱ्यांचे व उद्योगपतींचे दौरे वगळल्यास तेथे बहुधा इतकी शांतता असते की एखाद्या चिंतनशील मनुष्याने तेथे तपश्चर्येस बसावे. परंतु नांदेडास येणाऱ्या-जाणाऱ्या या मोठ्या विमानांची इंजिने टर्बाइनची. त्यांत पिस्टन नाही, रिंगा नाहीत, सिलिंडर नाही, सबब मराठवाड्याच्या दृष्टीने त्यांविषयी बोलण्यासारखे काहीच नाही.

बोलण्यासारखी इंजिने आपल्या डोक्यावरून पूर्वी जाऊन आलेली आहेत. हा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना, १९४५ साली, निजाम सरकारने टाटांच्या सहकार्याने डेक्कन एअरवेज नावाची कंपनी स्थापन केली व तिच्यासाठी डकोटा विमाने घेतली. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल म्हणून डकोटा विमाने त्या काळी ढिगांनी विक्रीस निघाली होती, आणि देशातील बहुतेक विमान कंपन्या त्यांवरच उभ्या राहिल्या. डकोटाच्या एका इंजिनास १४ सिलिंडर, म्हणजे विमानामागे २८. १९५३ साली राष्ट्रीयीकरणात ही कंपनी विलीन झाली. तोवर निजामाच्या प्रजेपैकी ज्या भाग्यवंतांनी आकाशगमन केले त्यांनी ते, आपल्या मुलखाच्या रीतीस अनुसरून, दुसऱ्याने वापरून सोडलेल्या वाहनातूनच केले असले पाहिजे. आणि आजही विमानइंजिनाचे गिऱ्हाईक महाराष्ट्रात कोठून निघेल याचा नेम नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले व २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले, त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत गच्ची ही पापड वाळविण्याची जागा आहे याविषयी महाराष्ट्रात दुमत नव्हते.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. लातुरातील एका तंत्रशिक्षण संस्थेने, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, विद्यार्थ्यांस दाखविण्याकरिता विमानाच्या पिस्टन-इंजिनाचा एक जुना सिलिंडर कोणे एके काळी खरेदी केला. तो कोणी विकला, कोणत्या विमानाचा होता, त्याने किती तास उड्डाण केले, याविषयी दप्तरी एक अक्षर नव्हते. विमानइंजिनास वस्तुतः जन्मापासूनचे टिपण असते. प्रत्येक तासाची, प्रत्येक दुरुस्तीची, बदललेल्या प्रत्येक सुट्या भागाची नोंद लॉगबुकात सहीनिशी करावी लागते, आणि लॉगबुक हरवलेले इंजिन हे वारसदाखला हरवलेल्या वारसासारखेच निरुपयोगी होऊन बसते. सिलिंडर मात्र एकटाच आला होता. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद ‘विमानाचा सिलिंडर, जुना, नग १’ अशी झाली, ‘प्रकार’ हा रकाना कोरा राहिला, आणि तो तसाच वर्षानुवर्षे कोरा राहता, जर एका लेखापरीक्षणात ‘सदर वस्तूचा प्रकार नमूद नाही, खुलासा करावा’ असा शेरा पडला नसता. भल्याभल्या इमारती गळतात, यंत्रे बंद पडतात, तिकडे कोणी पाहत नाही. परंतु कोरा रकाना सरकारच्या नजरेतून सुटत नाही.

तेव्हा यंत्र विभागातील प्राध्यापकमहाशयांनी पंच गोळा केले. पहिले पंच उदगीरचे एक निवृत्त वॉरंट ऑफिसर. त्यांची हयात हवाई दलात इंजिनांवर गेली होती, व तीतही एचपीटी-३२ दीपक या शिकाऊ विमानाच्या सहा सिलिंडरांच्या लायकमिंग इंजिनावर त्यांचे विशेष प्रेम होते. आपल्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक मनुष्य गावच्या दृष्टीने ‘मेजर’ असतो, मग तो पायदळात असो की आकाशात. त्यामुळे या गृहस्थांसही सर्वजण मेजर म्हणत, आणि त्यांनीही दीर्घकाळ निषेध नोंदवून अखेर ते पद स्वीकारलेले होते. दुसरे पंच गंजगोलाईपासून, म्हणजे जिला १६ रस्ते येऊन मिळतात त्या लातूरच्या जगप्रसिद्ध गोलाकार बाजारपेठेपासून, हाकेच्या अंतरावर ज्यांचे बोअरिंगचे दुकान आहे असे एक उस्ताद. ट्रॅक्टर, बुलेट, किर्लोस्कर इंजिन, सर्वांच्या सिलिंडरांची झीज त्यांच्या बोटांस ठाऊक. अलीकडे मात्र ते किंचित उदास असत, कारण शिकवण्यांसाठी लातुरात येणारी मुले ज्या नव्या तऱ्हेच्या मोटारसायकली उडवितात त्यांपैकी काहींच्या सिलिंडरांत लोखंडी लायनरच नसतो. आर-१५ च्या नुसत्या ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या भिंतीस तर नेहमीच्या रीतीने बोअर करता येत नाही. “हे सिलिंडर दुरुस्त करायला न्हाईत ओ, फेकायला केलेत,” हे त्यांचे त्या विषयावरील अंतिम मत होते.

सिलिंडर टेबलावर ठेवण्यात आला, आणि तो लायकमिंगचा हे मेजरांनी पाहताच ओळखले. ज्यांनी केवळ मोटारसायकलचा सिलिंडर पाहिला आहे त्यांस त्याचा आवाका यावा म्हणून सांगतो: लायकमिंगच्या या घराण्यात भोकाचा व्यास पाच इंच आणि वर एक अष्टमांश, आणि ५४० घनइंचांच्या सहा सिलिंडरी इंजिनात एकेका सिलिंडराच्या वाट्यास ९० घनइंच येतात, म्हणजे जुन्या ३५० बुलेटचे चार सिलिंडर त्यात रिचवूनही थोडी जागा उरेल. वरचे डोके ॲल्युमिनियमचे, खालचे नळकांडे पोलादाचे. डोके तापवून फुगवून नळकांड्यावर असे आटे पाडून बसविलेले असते की थंड झाल्यावर त्यांचा वियोग सहसा होत नाही. बाहेरून सर्व अंगावर हवा खेळविणाऱ्या पातळ फिना. या सर्वांवर विक्रेत्याने चंदेरी रंगाचा असा सढळ हात फिरविला होता की सिलिंडर एखाद्या ताबुतावर शोभावा.

मेजरांनी प्रथम शास्त्र सांगितले. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या नळकांड्यांची आतली भिंत मुख्यत्वे चार तऱ्हांची असते. पहिली साध्या पोलादाची. ती स्वस्त, मनमिळाऊ, लवकर रुळणारी, परंतु विमान काही आठवडे दमट जागी उभे राहिले की गंजणारी. दुसरी नायट्राइड केलेली. पोलादाचे नळकांडे सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत अमोनिया वायूच्या सान्निध्यात कित्येक तास ठेवले असता वायूतील नत्र पोलादाच्या कातडीत मुरतो व ती कातडी अतिशय कठीण बनते. येथे वरून काही थापलेले नसते. भिंत तीच, स्वभाव पालटलेला. गंज मात्र तीसही चढतो. तिसरी क्रोमचा मुलामा दिलेली. क्रोम गंजत नाही व झिजता झिजत नाही, पण त्याचा एक दुर्गुण असा की गुळगुळीत क्रोमवर तेल टिकत नाही. तेव्हा व्हान डर हॉर्स्ट नावाच्या एका डच तंत्रज्ञाने मुलामा चढविल्यानंतर वीजप्रवाह उलटा फिरवून त्यात सूक्ष्म चरांचे जाळे कोरण्याची युक्ती काढली, म्हणजे तेलास बसावयास जागा झाली. चौथी निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांच्या मिश्र लेपाची. हिचे मूळ जर्मनीतील माले कंपनीने १९६७ साली वांकेल इंजिनासाठी काढलेल्या निकासिल लेपात आहे. हा लेप नव्वदीच्या दशकात गंधकयुक्त पेट्रोलने काही नामांकित जर्मन मोटारींत उखडला व त्यांच्या मालकांस बराच मनस्ताप झाला, हे ऐकून उस्तादांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी प्रसन्नता दिसली.

“मग वळखायचं कसं?” उस्तादांनी विचारले.

“रंगावरून,” मेजर म्हणाले, आणि खोलीत हाळी-हंडरगुळीचे वातावरण पसरले.

लायकमिंग कंपनीचा संकेत असा, की साधे पोलाद असेल तर इंजिनाचाच करडा रंग अथवा रंगच नाही, नायट्राइडला निळा पट्टा, क्रोमला नारिंगी. शिवाय पोलादी भिंत झिजल्यावर घासून १० हजारांश इंचांनी मोठी केली असेल तर हिरवा पट्टा, आणि २० हजारांशांनी केली असेल तर पिवळा. हे शेवटचे वाक्य ऐकताच उस्ताद सावरून बसले. दहा हजारांश इंच म्हणजे पाव मिलिमीटर, वीस म्हणजे अर्धा. म्हणजे आपल्या दुकानात रोज ‘पंचवीसचा पिस्टन’, ‘पन्नासचा पिस्टन’ असा ज्यांचा पुकारा होतो तेच पहिला बोअर आणि दुसरा बोअर सातासमुद्रापलीकडे हिरवा व पिवळा पोशाख करून हिंडतात, हा साक्षात्कार त्यांस झाला, आणि विमानविद्येविषयी आजवर बाळगलेला आदर त्यांनी तत्क्षणी निम्म्यावर आणला.

विक्रेत्याच्या चंदेरी रंगाखाली काय दडले आहे हे पाहण्यासाठी थिनरचा बोळा आला. प्रथम वर, स्पार्क प्लगच्या भोकाजवळ पुसता पुसता पिवळा रंग उघडा पडला.

“दुसरा बोअर!” उस्ताद ओरडले.

मेजरांनी मान हलविली. नळकांड्यावरचा पिवळा दुसऱ्या बोअरचा. प्लग आणि रॉकर यांच्या मधल्या जागेवरचा पिवळा एवढेच सांगतो, की येथे लांब आट्यांचा प्लग लावावा. एकाच रंगाचा दोन ठिकाणी दोन अर्थ करणारी ही लिपी ज्याने ठरविली तो महसूल खात्यातच नोकरीस असता तर त्याचे अधिक चीज झाले असते, असे प्राध्यापकमहाशय हळूच म्हणाले.

पुढे बुडाशी पुसले तेव्हा खरी पंचाईत उभी राहिली. एका बाजूस चंदेरीखाली निळा पट्टा निघाला. दुसऱ्या बाजूस, निळ्याच्याही वर, नारिंगीची एक कपची. निळा म्हणजे नायट्राइड, नारिंगी म्हणजे क्रोम. मेजरांचे म्हणणे असे, की नायट्राइडची भिंत झिजल्यावर तिचा पातळ कठीण थर घासण्यात निघून जातो, म्हणून काही कारखाने अशा नळकांड्यास क्रोमचा मुलामा चढवून पुन्हा कामास लावीत. तेव्हा निळा हा गतजन्मीचा व नारिंगी या जन्मीचा. उस्तादांचे म्हणणे असे, की ज्याने चंदेरी फासला त्यानेच आधी नारिंगी फासून पाहिला नसेल कशावरून. जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारांत आयुष्य घालविलेल्या माणसाचे हे म्हणणे निराधार म्हणता येईना. रंग ही विक्रेत्याची जबानी. तो पुरावा नव्हे.

मग उस्तादांनी आपले बोअर-गेज काढले. त्यांनी ते खाली लावले, मध्ये लावले, वर लावले, पुन्हा खाली लावले, आणि त्यांच्या मुद्रेवर जे भाव उमटले ते पंचनाम्यात उतरविणे कठीण आहे. सर्वसाधारण सिलिंडर वरच्या टोकाशी जास्त झिजतो, कारण स्फोटाचा ताप आणि रिंगांचा दाब तेथे सर्वाधिक. चाळीस वर्षांत त्यांनी पाहिलेला प्रत्येक सिलिंडर वर रुंद व खाली अरुंद झालेला होता. हा वर अरुंद होता.

“मेजर, हे उलटंच झिजलंय बगा. वर कमी अन् खाली जास्त. असलं झिजणं मी जलमात न्हाई बघितलं.”

“झिजलेलं नाही उस्ताद, घडवलंच तसं. डोक्याकडची बाजू चालताना जास्त तापते, जास्त फुगते. म्हणून थंड असताना ती मुद्दाम जरा आवळून ठेवतात. इंजिन तापलं की भिंत वरपासून खालपर्यंत सरळ.”

उस्तादांनी गेज डबीत ठेवले, डबीचे झाकण लावले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हंजे वापरायच्या टायमाला सरळ, अन् मोजायच्या टायमाला वाकडं. मोजणारानं काय करावं मग?”

यास मेजरांपाशी उत्तर नव्हते. या माहितीचा उपयोग मात्र झाला: वरचा आवळ अद्याप शाबूत होता, म्हणजे भिंत फारशी झिजलेली नव्हती, हे दोन्ही पंचांनी मान्य केले. यानंतर जो वाद झाला तो या प्रकरणातील सर्वांत रसभरित भाग होय. मेजरांनी विजेरी आत धरली. भिंत स्वच्छ होती, गंजाचा एक ठिपका नाही. इतकी वर्षे उघड्यावर, तेलाचे बोटही न लावता पडून असलेले पोलाद असे राहणे शक्य नाही. सबब हे क्रोमच, असा त्यांनी निर्णय दिला. परंतु उस्ताद अस्सल लातूरकर. गंजास पाणी लागते, आणि लातुरात पाणी आहे कोठे, असा त्यांचा सवाल होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी ज्या शहरात आली, आणि जेथे लोक त्या गाडीच्या स्वागतास स्थानकावर गेले, त्या शहरात एका सिलिंडरास गंजण्यापुरते दंव तरी कोण मिळू देणार? त्यांचा युक्तिवाद वाटतो तितका हास्यास्पद नाही. अमेरिकेने आपली निवृत्त विमाने ॲरिझोनातील टूसॉनच्या वाळवंटात हजारोंनी उभी करून ठेवली आहेत ती कोरड्या हवेसाठीच. या हिशेबाने पाहता लातूरच्या विमानतळावरील शांततेचाही काही उपयोग होण्याजोगा आहे. जगातील जुनी विमाने येथे आणून ठेवावी, आणि गोदाकाठच्या दमट नांदेडास केवळ चालती विमाने द्यावी, अशी वाटणी केल्यास दोन जिल्ह्यांतील विमानसेवेविषयीचा जुना मत्सरही मिटेल. पावसाळ्याचे चार महिने या योजनेत बसत नाहीत, हे कोणी म्हणेल. पण लातूरचा पावसाळा ज्याने जवळून पाहिला आहे तो हे म्हणणार नाही.

वाद मिटेना. तेव्हा इतका वेळ चहाचा ट्रे धरून दारात उभा असलेला, औसा तालुक्यात ज्याची स्वतःची द्राक्षबाग आहे असा, विभागाचा शिपाई पुढे झाला. त्यास सर्वजण मामा म्हणत.

“सर, लोखंड हाय का न्हाई एवढंच बघायचंय न्हवं? आमी बागंला बोर्डो मारताना इळा बुडवून बघताव की.”

क्षणभर कोणास काही कळले नाही. आणि कळले तेव्हा मेजरांनी कपाळावर हात मारला. द्राक्षावरील केवड्यासाठी मोरचूद आणि चुना यांचे जे मिश्रण फवारतात, व ज्याची कीर्ती फ्रान्सातील बोर्दो येथील मिलार्दे या पंडिताने १८८५ साली जगभर केली, ते बिघडले आहे की कसे हे पाहण्याची बागाइतदारांची परीक्षा अशी: स्वच्छ लोखंडी विळा त्यात बुडवावा, पाते तांबूस झाले तर चुना कमी पडला, मोकळा मोरचूद शिल्लक आहे, तो पाने जाळील. लोखंड मोरचुदातील तांब्यास हुसकावून त्याच्या जागी स्वतः विरघळते, आणि हुसकावलेले तांबे पात्यावर येऊन बसते. क्रोमचे तसे होत नाही. त्याच्या अंगावर एक अदृश्य कवच असते, त्यामुळे तांब्यास तेथे थारा मिळत नाही. क्रोम चढविलेली भिंत साध्या पोलादापासून वेगळी ओळखावयाची ती याच मोरचुदाच्या थेंबाने. मेजरांस ही परीक्षा नोकरीत असताना ठाऊक होती. ती औशाच्या प्रत्येक बागेत दर हंगामात होते हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

मामांच्या सायकलीस अडकविलेल्या पिशवीत विळा होता. मोरचूद रसायनशाळेतून आला. प्रथम विळ्याचे पाते घासून त्यावर एक थेंब सोडला: पाहता पाहता तांबूस डाग. मग सिलिंडराच्या बुडाची, बाहेरची, जेथे बोल्ट बसतात ती पोलादी कड खरवडून तेथे एक थेंब: पुन्हा तांबूस. मग आतली भिंत पेट्रोलने निर्मळ पुसून, सर्वांनी श्वास रोखून, तिसरा थेंब. मिनिट गेले, दोन गेली. थेंब निळाच राहिला. मामांनी बोटाने तो पुसला तर खाली भिंत जशीच्या तशी लकाकत होती. शंकेस जागा नको म्हणून मेजरांनी भिंग लावून पाहिले, आणि त्या लकाकीत कोरड्या तळ्याच्या भेगांप्रमाणे पसरलेले अतिसूक्ष्म चरांचे जाळे त्यांनी एकेकास दाखविले. क्रोम सिद्ध झाला. उस्तादांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि ‘असंल की’ म्हणाले. याचा अर्थ मराठवाड्यात संपूर्ण शरणागती असा होतो.

येथे प्राध्यापकमहाशयांनी कपाटातून एक पुडके काढले. सिलिंडरासोबत विक्रेत्याने औदार्याने पिस्टन-रिंगांचा एक चकचकीत संचही दिला होता, आणि सिलिंडर, पिस्टन व रिंगा एकत्र जोडून काचेच्या कपाटात मांडावे असा त्यांचा मनोदय होता. मेजरांनी रिंग हातात घेतली, उजेडात फिरविली, आणि ताबडतोब खाली ठेवली. रिंगांच्या कडेवर क्रोम होता. क्रोमच्या भिंतीत ओतीव लोखंडाच्याच रिंगा घालाव्या, आणि क्रोमच्या रिंगा पोलादाच्या अथवा नायट्राइडच्या भिंतीसाठी राखून ठेवाव्या, हा या शास्त्रातील पहिला विधिनिषेध. कारण दोन्हीकडे क्रोम आला म्हणजे तो सगोत्र विवाह होतो, आणि त्याची फळे इंजिनास अल्पावधीत भोगावी लागतात. दोन कठीण पृष्ठभागांपैकी एकही दुसऱ्यासाठी घासून घेत नाही, म्हणून ते एकमेकांशी कधी रुळत नाहीत. एकमेकांस ओरबाडतात, तेल जाळतात, आणि हे सर्व जमिनीपासून दोन-तीन हजार फुटांवर चालते. भिंतीचा प्रकार ओळखण्याची एवढी यातायात लोक करतात ती याच कारणास्तव. रकान्यासाठी कोणी करीत नाही.

“पण हे इंजिन कधीच चालणार नाही, सर्व शोभेसाठीच आहे,” प्राध्यापकमहाशय म्हणाले.

“शोभेसाठीसुद्धा नको,” मेजर म्हणाले. “पोरं बघतील.”

रिंगा पुन्हा पुडक्यात गेल्या. त्यांच्या जागी आपल्या दुकानातील लोखंडी रिंग आणून ठेवण्याची तयारी उस्तादांनी दाखविली, परंतु त्यांच्याकडील सर्वांत मोठी रिंग ट्रॅक्टरची निघाली व ती विमानाच्या भोकात एकाकी वाटू लागली, म्हणून तो बेत सोडून देण्यात आला.

राहता राहिली नोंदवही. भांडारपाल भाऊसाहेबांस बोलावून सर्व वृत्तान्त सांगण्यात आला: मूळचा नायट्राइड, पुढे क्रोम, भिंत क्रोमची, वरच्या बाजूस आवळ शाबूत, प्लग लांब आट्यांचा, मोरचुदाची परीक्षा तीन थेंबांत पार पडली. भाऊसाहेबांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले, चष्मा लावला, वही उघडली आणि रकाना पाहिला. रकाना एक बोट रुंद होता. त्यांनी नियमावलीचा दाखला देऊन सांगितले, की जडसंग्रहातील वस्तूचे वर्णन तिच्या बाह्य स्वरूपावरून करावयाचे असते. उद्या भौतिक तपासणीस येणारा मनुष्य काही सिलिंडराच्या आत शिरून पाहणार नाही. एवढे बोलून त्यांनी टेबलावरच्या सिलिंडराकडे एकवार पाहिले आणि ‘प्रकार’ या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिले: ‘चंदेरी’.

लेखापरीक्षकांनी पुढील वर्षी तो शेरा वगळला.